खडकलाटची सुलोचना

निपाणी आणि चिकोडी यांच्या दरम्यानच्या काळ्या रानात खडकलाट नावाचे एक गाव आहे. सभोवार तंबाखूची आणि उसाची शेते. बाजारहाटासाठी निपाणी, कोर्टकचेरीसाठी चिकोडी, आणि मनात काही मोठे करून दाखवावयाचे आले तर उत्तरेस कोल्हापूर, असा या टापूतील माणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. याच गावी ३० जुलै १९२८ रोजी एक मुलगी जन्मास आली. पुढे पन्नासएक वर्षे अवघ्या भारतातील प्रेक्षकांनी तिला रुपेरी पडद्यावर ‘आई’ म्हणून ओळखले. पंजाबातल्या प्रेक्षकास ती पंजाबी वाटली, लखनौच्या प्रेक्षकास लखनौची वाटली. परंतु चिकोडी तालुक्यातील मायबहिणींस मात्र ती प्रथमपासून आपली वाटत आली. त्या सुलोचना लाटकर, म्हणजेच सर्वांच्या सुलोचनादीदी, यांच्या जीवनकार्याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

आमचे हे पत्र दोन भाषांचे. त्याच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी चालते. अशा लोकांस ‘तुम्ही नेमके कुठले?’ या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणे नेहमीच जड गेले आहे. सुलोचनाबाईंच्या चरित्राकडे आमचे लक्ष वळण्याचे खरे कारण हेच. त्यांच्या कीर्तीचे वर्णन इतरत्र पुष्कळ झाले आहे. तथापि सीमेवरच्या एका खेड्यातून निघालेली मुलगी कोणते धन बरोबर घेऊन गेली आणि त्या धनाचे पुढे काय झाले, हा विचार सीमेवरच्या माणसांनीच करावयाचा आहे.

सुलोचनाबाईंचा जन्म झाला तेव्हा चिकोडी तालुका बेळगाव जिल्ह्यात आणि बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला आणि उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. म्हणजे बाई मुंबई-कोल्हापुरात नायिका म्हणून गाजत असताना त्यांचे जन्मगाव जागचे न हलता दुसऱ्या राज्यात गेले. या घडामोडींतून उद्भवलेल्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच सांगावयाचे की, खडकलाटच्या मुलीस १९४३ साली कोल्हापूर परमुलूख नव्हते. निपाणीपासून पंचवीस मैलांवरचे ते शहर. तेथील बोली आणि गावची बोली सख्ख्या बहिणी.

आणि कोल्हापूर त्या काळी नुसते अंबाबाईचे, तालमींचे आणि गुळाचे गाव राहिले नव्हते. बाबूराव पेंटरांनी तेथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणला. त्या कंपनीच्या उभारणीस द्रव्यसाह्य करणाऱ्या तानीबाई कागलकर या गायिका. कागल तर निपाणीच्या शेजारचेच. कोल्हापूरच्या चित्रसृष्टीचा पाया घालताना जे द्रव्य खर्ची पडले त्यात आमच्या भागातील एका स्त्रीचा वाटा होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. १९२९ साली याच शहरात ‘प्रभात’ जन्मली. १९३२ साली तिच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाने मराठी भाषेस पडद्यावर कंठ फुटला. पुढे ‘प्रभात’ पुण्यास गेली खरी, पण कोल्हापुरातील कलाभवने आणि कारागीर राहिले, भालजी पेंढारकर राहिले. खडकलाटची ही मुलगी चार वर्षांची होती तेव्हा पंचवीस-तीस मैलांवर मराठी माणसे पडद्यावर बोलू लागली होती.

खेड्यापाड्यांत हे पडद्यावरचे बोलणे पोहोचले ते फिरत्या तंबूंतून. ते तंबू आम्ही आमच्या बालपणी पाहिले आहेत, म्हणून दोन शब्द लिहितो. गावची जत्रा भरली, किंवा तंबाखूचा पैसा हाती खेळू लागला, की माळावर तंबू लागे. मध्ये दोर बांधून एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस बायका; बसावयास जमीन. यंत्र एकच असल्यामुळे प्रत्येक रीळ संपले की दिवे लागत, आणि पदर डोळ्यांस लावलेल्या बायका एकमेकींकडे पाहून ओशाळत. अशाच एका तंबूत आम्ही ‘मोलकरीण’ पाहिला. आमच्या शेजारी बसलेल्या आजीबाई घरी कानडी बोलणाऱ्या; मराठी त्यांना जेमतेम बाजारापुरते येई. पडद्यावर सुलोचनाबाई काही न बोलता भांडी घासत होत्या आणि आजीबाई हलक्या स्वरात ‘पाप, पाप’ म्हणत होत्या. कानडीत या शब्दाचा अर्थ ‘बिचारी’ असा होतो. भाषा न कळताही काय कळू शकते, याचा तो आमचा पहिला धडा होय.

१९४३ साली सुलोचनाबाई मास्टर विनायकांच्या ‘प्रफुल्ल पिक्चर्स’मध्ये आल्या. त्यांचे वय तेव्हा पंधराच्या आतबाहेर. त्याच साली निघालेल्या ‘चिमुकला संसार’ या चित्रात त्यांना एक छोटीशी भूमिका मिळाली. त्याच संस्थेत, त्याच सुमारास, त्यांच्याहून वर्षाने लहान असलेली आणखी एक मुलगी कामास होती. वडील मास्टर दीनानाथ १९४२ साली निवर्तलेले, पाठीवर चार भावंडे, आणि तोंडाला रंग लावण्याची मनातून नावड. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. एकीचे मूळ गोव्यातील मंगेशीचे, दुसरीचे चिकोडीकडील खडकलाटचे. दोघी कोल्हापुरात एका छपराखाली पोटासाठी उभ्या. एकीचा कंठ आणि दुसरीचा चेहरा पुढे देशभर जाणार होता, पण त्या दिवशी तेथे असलेल्या कुणासही हे भाकीत करता आले नसते.

खेड्यातून आलेल्या मुलीस कलाभवनात पहिली अडचण पडते ती भाषेची. खडकलाटची बोली राकट. तिच्यात कानडीचा हेल आणि कोल्हापुरी रांगडेपणा दोन्ही. नागर मराठीत वाढलेल्या मंडळींपुढे तोंड उघडावयाचे म्हणजे हशास निमंत्रण. आमच्या भागातील मुले आजही पुण्या-मुंबईस शिकावयास गेली म्हणजे हाच प्रसंग अनुभवतात. पहिले सहा महिने ती फारशी बोलतच नाहीत. सुलोचनाबाईंनीही आरंभी ऐकण्यावरच भर दिला असावा, असे त्यांचा पुढचा अभिनय पाहता आम्हांस वाटते. समोरच्याचे बोलणे चालू असताना त्यांच्या मुद्रेवर जे घडते ते कित्येकदा त्यांच्या स्वतःच्या संवादाहून अधिक मोलाचे असते. जिला बोलण्याची चोरी होती तिने ऐकण्याची कला कमावली, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

१९४५ साली मास्टर विनायकांनी आपली संस्था मुंबईस हलविली. मंगेशकर कुटुंब मुंबईस गेले. सुलोचनाबाई कोल्हापुरातच राहिल्या आणि भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा कलाभवनात दाखल झाल्या. त्यांच्या आयुष्यातील निर्णायक वळण ते हेच. ‘सुलोचना’ हे नाव त्यांना भालजींनीच दिले, आणि ते त्यांच्या डोळ्यांकडे पाहून दिले, असे सांगतात. जयप्रभा हे नुसते चित्रण करण्याचे ठिकाण नव्हते. त्यास गुरुकुलाची शिस्त होती. नटनटींनी घोड्यावर बसावयास शिकावे, तलवार धरावयास शिकावे, शुद्ध बोलावे, वेळेवर यावे आणि वडीलधाऱ्यांचा मान राखावा, हा तेथील दंडक. सुलोचनाबाई तेथे घोडेस्वारी शिकल्या, शस्त्रे चालवावयास शिकल्या. पडद्यावर सदैव सोशिक म्हणून दिसणाऱ्या या बाईचे शिक्षण रणरागिणीचे झाले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ‘सासुरवास’ (१९४६) या चित्राने त्यांचे नाव झाले. ‘जय भवानी’ (१९४७) पाठोपाठ आला.

जानेवारी १९४८ मध्ये महात्माजींचा वध झाला आणि त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात जो आगडोंब उसळला त्यात जयप्रभा कलाभवन जाळण्यात आले. चित्रपटाची फीत ही किती ज्वालाग्राही वस्तू असते हे जाणकारांस सांगावयास नको. वर्षांची मेहनत घटकाभरात राख होते. भालजी खचले नाहीत. कर्ज काढून त्यांनी पुन्हा सामग्री जमविली, पुन्हा माणसे गोळा केली, आणि १९४९ साली ‘मीठभाकर’ लोकांपुढे ठेवला. चंद्रकांत मांढरे आणि सुलोचना ही त्यातील प्रमुख मंडळी. राखेतून उभ्या राहिलेल्या घरात काम करणे म्हणजे काय, हे वयाच्या एकविसाव्या वर्षी सुलोचनाबाईंनी पाहिले. संकटात गाजावाजा न करता कामास लागणारी जी स्त्री त्या पुढे पडद्यावर शेकडो वेळा उभी करीत गेल्या, तिचा वस्तुपाठ त्यांना येथे मिळाला असेल, असा आमचा तर्क आहे.

पुढचे दशक नायिकेचे. दत्ता धर्माधिकारींचा ‘स्त्रीजन्मा ही तुझी कहाणी’ १९५२ साली आला. पुढच्याच वर्षी य. गो. जोशी यांच्या कथेवरून शांताराम आठवले यांनी काढलेला ‘वहिनीच्या बांगड्या’ आला आणि मराठी घरात सुलोचनाबाईंना कायमचे स्थान लाभले. या चित्रातील वहिनी ही वयाने थोर नसून मनाने थोर आहे. दिराला आईची माया देणारी ही तरुण स्त्री पाहून घरोघरच्या दिरांनी आपापल्या वहिनीकडे नव्या नजरेने पाहिले असेल. त्यानंतर १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ निघाला. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो १३१ आठवडे चालला. हंसा वाडकर, जयश्री गडकर आणि सुलोचना अशा तीन समर्थ अभिनेत्री त्यात एकवटल्या होत्या.

नेमके हेच १९५९ साल त्यांच्या जीवनास दुसरे वळण देऊन गेले. त्या वर्षी हिंदीत नासिर हुसेन यांचा ‘दिल देके देखो’ आला. त्यात शम्मी कपूरच्या आईची भूमिका सुलोचनाबाईंनी केली. वाचकहो, थोडे गणित करा. सुलोचनाबाईंचा जन्म १९२८ चा. शम्मी कपूरचा १९३१ चा. आई मुलाहून तीन वर्षांनी मोठी! मराठीत अद्याप नायिका असलेल्या, एकतिसाव्या वर्षी ऐन भरात असलेल्या अभिनेत्रीने केसांस पांढरा रंग लावणे यात केवढा धोका होता, हे या धंद्यातील माणसांस चांगले ठाऊक आहे. एकदा आई झालेली नटी पुन्हा नायिका होत नाही. पुढे १९७० साली ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्या देव आनंद आणि प्राण या दोघांची आई झाल्या. देव आनंद त्यांच्याहून पाच वर्षांनी आणि प्राण आठ वर्षांनी मोठे! आमच्या चित्रसृष्टीत पुरुषास चाळिशीनंतरही प्रियकर होता येते आणि स्त्रीस तिशीनंतर आई व्हावे लागते, ही रीत किती अन्यायाची आहे, हे दाखविण्यास याहून वेगळे उदाहरण नको.

येथे आणखी एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. हिंदी पडद्यावर ‘आई’ या भूमिकेस प्रथम प्रतिष्ठा मिळवून दिली ती लीला चिटणीस यांनी. ‘शहीद’ (१९४८) आणि ‘आवारा’ (१९५१) यांतील त्यांची आई कोण विसरेल? या लीलाबाई धारवाडच्या, जन्म १९०९ चा. ‘गाईड’ (१९६५) मध्ये देव आनंदची आई त्याच. म्हणजे पाच वर्षांच्या अंतराने त्या एका नटाला धारवाडची आणि खडकलाटची अशा दोन आया मिळाल्या! ‘माणूस’ (१९३९) या अमर चित्राच्या नायिका शांता हुबळीकर याही हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या. ज्या प्रांतात दोन भाषांचे पाणी एकमेकांत मिसळते तेथील या लेकींनी मराठी-हिंदी पडद्यास एवढे द्यावे, हे सहज घडले असे आम्हांस वाटत नाही. दोन भाषांत वाढलेल्या माणसास शब्दावर फार विसंबून चालत नाही. डोळे, हात आणि स्वर यांनी उरलेले सांगावे लागते. अभिनयाचा तरी दुसरा अर्थ काय?

‘आई’ म्हणून सुलोचनाबाईंनी केलेल्या भूमिकांत आम्हांस सर्वश्रेष्ठ वाटते ती बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’ (१९५९) मधील चारू. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरचे हे चित्र. अस्पृश्य मानलेल्या जातीतील अनाथ मुलगी एका सुखवस्तू ब्राह्मण घरात वाढते. घरची मालकीण तिला दुखवीत नाही, उपाशी ठेवीत नाही; पण परक्यांपुढे ओळख करून देताना ‘ही आमची मुलगी’ असे न म्हणता ‘मुलीसारखी’ म्हणते. त्या एका ‘सारखी’त सगळी विटाळाची भिंत उभी आहे. ही भूमिका आक्रस्ताळी केली असती तर फार सोपी होती. सुलोचनाबाईंनी ती प्रेमळ ठेवली आणि म्हणूनच ती बोचते. सुजाता झालेली नूतन मान खाली घालते, आणि चारूच्या चेहऱ्यावर आपण काही वाईट केले याची जाणीवसुद्धा नसते. आमच्या घरोघरी अशाच चांगल्या बायका आणि चांगले पुरुष यांनी अस्पृश्यता जतन केली, ही कटू गोष्ट एवढ्या सौम्यपणे कुणी क्वचितच सांगितली असेल. अखेर सुजाताचे रक्त चारूच्या अंगी जाते तेव्हा ‘सारखी’ हा शब्द गळून पडतो.

आता एक आक्षेप. पुष्कळ सुशिक्षित भगिनी आम्हांस म्हणतात की, सुलोचनाबाईंच्या भूमिकांनी स्त्रीला रडावयास आणि सोसावयास शिकविले. त्यांचे कौतुक कशासाठी करावे? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. ‘मोलकरीण’ (१९६३) मधील आई मुलाच्याच घरी ओळख लपवून मोलाने राबते; ‘एकटी’ (१९६८) मधील आई काबाडकष्ट करून मुलाला मोठे करते आणि शीर्षकात सांगितल्याप्रमाणे शेवटी एकटी उरते. हिंदीतील दहापैकी आठ भूमिकांत तर देव्हारा, शिवणयंत्र, खोकला आणि आशीर्वाद यांपलीकडे लेखकाने काही दिलेलेच नसे. मराठीत पन्नासच्या आसपास आणि हिंदीत दोनशेंहून अधिक चित्रे अशी त्यांच्या कामाची सर्वसाधारण गणना केली जाते. त्यांपैकी कितीतरी भूमिका त्यांच्या योग्यतेच्या नव्हत्या, हे आम्ही मान्य करतो.

परंतु दोष लेखणीचा तो चेहऱ्यास लावू नये. ‘प्रपंच’ (१९६१) पाहा. शाहीर अमर शेख पती, सुलोचना पत्नी, आणि खाणारी तोंडे फार. त्या चित्रात दारिद्र्याचे कौतुक नाही. पोरांच्या पंगतीत भाकरीचा शेवटचा तुकडा मोडणारी आई काय हिशेब करीत असते, हे तिच्या नजरेत दिसते. आमच्या खेड्यांतील बायांनी ती ओळखली, कारण तो हिशेब त्या रोज करीत होत्या आणि त्यांना कुणी पाहत नव्हते. ‘मोलकरीण’ पाहताना आमच्या शेजारच्या आजीबाई रडल्या त्या सोसणे थोर आहे म्हणून नव्हे. आपले सोसणे कुणाला तरी दिसले म्हणून रडल्या. एवढे भान ठेवले तर आक्षेपाचेही निरसन होते आणि कलावंतावरही अन्याय होत नाही.

आणि सोशिकपणापलीकडची भूमिका मिळाली तेव्हा त्यांनी काय केले, हेही पाहिले पाहिजे. १९६४ साली भालजींनी ‘मराठा तितुका मेळवावा’ काढला आणि जिजाऊंच्या भूमिकेसाठी आपल्या शिष्येस बोलाविले. तेथे मान ताठ आहे, आवाज खालचा पण हुकमी आहे, आणि डोळ्यांत पाणी नाही. जयप्रभात शिकलेली घोडेस्वारी आणि तलवार कुठे मुरली होती ते त्या बसण्याउठण्यात दिसून येते. या चित्रास संगीत दिले ‘आनंदघन’ यांनी. आनंदघन म्हणजेच लता मंगेशकर. एकवीस वर्षांपूर्वी ‘प्रफुल्ल’च्या छपराखाली पोटासाठी उभ्या असलेल्या दोन मुली आता एका चित्रात भेटल्या. एक राजमाता होऊन, दुसरी संगीतकार होऊन.

नावाच्या सारखेपणामुळे होणारा घोटाळाही येथे दूर करावा. मूकपटांच्या काळी गाजलेल्या ‘सुलोचना’ म्हणजे रूबी मायर्स (१९०७–१९८३); त्यांना १९७३ चा फाळके पुरस्कार मिळाला. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण या तिसऱ्या. त्या डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. हिंदीत सुलोचना चॅटर्जी नावाच्याही एक अभिनेत्री होत्या. त्यांच्या भूमिका आमच्या सुलोचनाबाईंच्या नावावर घालण्याची चूक छापील मजकुरातसुद्धा होते, म्हणून अभ्यासकांनी जपून असावे.

उत्तरायुष्यात मानसन्मान आपणहून चालत आले. १९९९ साली पद्मश्री, २००४ साली फिल्मफेअरचा जीवनगौरव आणि २००९ सालचा ‘महाराष्ट्र भूषण’. त्यांची कन्या कांचन घाणेकर यांनी ‘नाथ हा माझा’ या पुस्तकात पती डॉ. काशीनाथ घाणेकर यांचे चरित्र लिहिले. ‘एकटी’त सुलोचनाबाईंचा मुलगा झालेले काशीनाथ पुढे त्यांचे जावई झाले होते. ४ जून २०२३ रोजी मुंबईस, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, सुलोचनाबाईंनी देह ठेवला.

‘महाराष्ट्र भूषण’ ठरलेल्या या बाईंचे जन्मगाव कर्नाटकात आहे. कुणी यावर आनंद मानील, कुणी विषाद. आम्ही एवढेच म्हणतो की, नकाशावरील रेघ माणसाच्या जन्मानंतर ओढली गेली, आणि त्या रेघेच्या दोन्ही अंगांस तंबूतल्या पडद्यापुढे बसलेल्या बायकांनी एकाच वेळी पदर डोळ्यांस लावला. मराठीत जिला आई म्हणतात, कोंकणीत आवय म्हणतात आणि कानडीत अव्वा म्हणतात, तिची मुद्रा कशी असते असे पुढच्या पिढीने विचारले, तर तिला एखादे जुने चित्र दाखवावे. मात्र ते दाखवावयास त्या फिती शिल्लक असावयास हव्यात. जयप्रभाची आग घटकाभरात विझली. विस्मृतीची आग मंद असते आणि तिचा धूर दिसत नाही. ज्यांच्या घरी जुनी छायाचित्रे, चित्रपटांची माहितीपुस्तके वा तंबूतल्या खेळांच्या जाहिराती पडून असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, अशी निपाणी-चिकोडीकडील आमच्या वाचकांस विनंती आहे. खडकलाटच्या लेकीचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.